सेव्हेरसच्या नाण्यावर उलटा एन आणि "आय-आय सी-ओ": नाणं खोटं की खोदणाऱ्याची चूक?

पालशेतकर (गुहागर)

नमस्कार मंडळी. इथले जुने धागे बरेच दिवस वाचतोय, लिहायची वेळ आज आली. आमच्या चुलतकाकांनी फार वर्षांपूर्वी मुंबईला फोर्टमध्ये एक रोमन चांदीचं नाणं विकत घेतलेलं, ते आता माझ्याकडे आलंय. पावतीवर नुसतं "रोमन, चांदी" एवढंच. वजन २.९ ग्रॅम भरतं, रुंदी १७ मिलिमीटरच्या आसपास. पुढच्या बाजूला दाढीवाल्या राजाचं डोकं, त्यावर पानांची माळ, मागच्या बाजूला उभी बाई, एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हातात फळांनी भरलेलं शिंग. नेटवर शोधत शोधत रोमन सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरसपर्यंत पोचलो, बाई म्हणजे फॉर्च्युना देवी, इथपर्यंत माझी खात्री आहे.

अडचण अक्षरांची आहे. नेटवरच्या बहुतेक फोटोंत पुढच्या मजकुराचा शेवट सी-ओ-एस आणि मग दोन उभ्या रेघा, म्हणजे दुसऱ्यांदा कॉन्सुल (रोममधलं मोठं पद), असा आहे. माझ्या नाण्यावर आधी दोन रेघा आणि मग सी-ओ, आणि तिथेच मजकूर संपला, एस नाहीच. मागे "फॉर्च्युन रेडक" असं असायला हवं ना, त्यातला एन चक्क आरशात बघितल्यासारखा उलटा आहे आणि शेवटचा सी मला जी सारखा दिसतो, खाली छोटी शेपटी आहे त्याला. एका दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला सरकारी टाकसाळीत असल्या चुका होतच नसत, रोमन लोक फार शिस्तीचे, हे डुप्लिकेट आहे, आणि वर लगेच पाचशे रुपयांत मागायला लागला. डुप्लिकेट आहे तर तुला कशाला हवंय, हे मी मनातच विचारलं आणि घरी आलो.

तर सांगा, अक्षरं चुकलेली असली म्हणजे नाणं खोटं असं धरायचं का? आणि एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या टाकसाळीत राजाच्याच नावाच्या ओळीत चुका कशा काय राहायच्या? विकायचं अजिबात नाहीये, काकांची आठवण आहे, पण काय आहे ते नीट कळायला हवं.

ठसेकाम (सावंतवाडी)

पालशेतकर, नाणं खरं की खोटं हे जाणकार सांगतील, मी सोनारकामातला माणूस. पण तो एन उलटा का झाला हे मी तुम्हाला हातातल्या कामावरून सांगू शकतो, कारण आमच्याकडे देवघरातल्या टाकांचे आणि लक्ष्मीपूजनाच्या चांदीच्या नाण्यांचे ठसे वडिलांच्या वेळेपासून हाताने खोदले जातात.

ठशावर सगळं उलटं खोदायचं असतं, उजवं ते डावं आणि उंच ते खोल. देवाची मूर्ती उलटी खोदताना फारसं काही वाटत नाही, पण अक्षर आलं की हात अडतो, कारण लहानपणापासून ते अक्षर एकाच दिशेने गिरवलेलं असतं आणि जरा लक्ष हललं की हात आपल्या सवयीने सुलटं खोदून मोकळा होतो. आमच्याकडे ठ ला काही भीती नाही, उलटा खोदा सुलटा खोदा, ठ तो ठच. ग आणि श नवशिक्याला फसवतात. तुमच्या त्या रोमन अक्षरांत पण ए, एम, ओ, टी, व्ही, एक्स ही दोन्ही बाजूंनी सारखीच दिसतात, तिथे चुकायला जागाच नाही. आर किंवा ई उलटीसुलटी झाली तर लगेच डोळ्याला खुपते. खरी गंमत एन आणि एस ची, ती आरशातसुद्धा जवळजवळ तशीच दिसतात, फक्त तिरकी रेघ नाहीतर वळण दुसरीकडे जातं, म्हणून खोदताना लक्षात येत नाही आणि मागाहून तपासतानाही नजर त्यावरून घसरून जाते. तुमच्या नाण्यावर एन उलटा उमटलाय याचा अर्थ त्या माणसाने ठशावर तो सुलटा खोदला, सरळ आपण कागदावर लिहितो तसा.

आणि एकदा खोदलं की खोदलं हो. धातू काढता येतो, परत भरता येत नाही. लाकडात चूक झाली तर भुसा आणि सरस भरून वेळ मारून नेता येते, इथे तसं काही नाही. फार तर चुकलेल्या अक्षरावरच बरोबर अक्षर जास्त खोल खोदायचं, पण मग जुन्या अक्षराची एखादी रेघ बाजूला शिल्लक राहतेच आणि प्रत्येक छापात ती उमटते. आम्ही मध्ये मध्ये ठसा मेणावर दाबून बघतो म्हणून बऱ्याच चुका वेळेत सापडतात. पण समजा संध्याकाळपर्यंत ठसा द्यायचाच आहे आणि एकच एन उलटा गेलाय, तर ठसा टाकून नवीन करायला घेणार कोण? मी तर म्हणेन तुमचा तो एन बघून मला त्या खोदणाऱ्याबद्दल आपुलकीच वाटली.

भिंग असेल तर त्या सी च्या शेपटीकडे नीट बघा. शेपटी मूळ वळणाइतकीच खोल आणि स्वच्छ आहे की नुसता ओरखडा आहे? आणि दोन रेघांच्या आसपास दुसऱ्या कुठल्या अक्षराचा अवशेष दिसतो का तेही बघा.

उत्तरकोकण_नाणी (वसई)

ठसेकाम दादांनी हाताची बाजू इतकी छान सांगितलीय की आता मला फक्त इतिहास सांगायचा आहे.

पालशेतकर, तुमच्या दुकानदाराचं म्हणणं मनातून काढून टाका. सेव्हेरसच्या दिनारिअसमध्ये (रोमन चांदीचं नाणं) नेमका हाच गट अक्षरांच्या गोंधळासाठी प्रसिद्ध आहे. ३१ डिसेंबर १९२ ला सम्राट कॉमोडस मारला गेला आणि १९३ साली एकामागून एक पाच जण सम्राटपदावर हक्क सांगत उभे राहिले. सेव्हेरसला डॅन्यूबकाठच्या सैन्याने उचललं, तिकडे सीरियात अँटिओकला पेसेनिअस नायगर उभा राहिला, आणि सैन्याला पगार द्यायला त्याने तिथेच चांदीची नाणी पाडायला सुरुवात केली. १९४ मध्ये नायगर हरला, पूर्वेकडचा कारभार सेव्हेरसकडे आला आणि तिकडेही सेव्हेरसच्या नावाने दिनारिअस निघू लागले. कॅटलॉगांत या टाकसाळीला एमेसा असं नाव पडलंय, म्हणजे आजचं सीरियातलं होम्स, सेव्हेरसच्या बायकोचं ज्युलिया डोम्नाचं माहेर. गाव नक्की तेच का यावर वाद आहेत, पण टाकसाळ पूर्वेकडची याबद्दल कोणाचं दुमत नाही.

आता तिथला कारागीर डोळ्यापुढे आणा. तो रोजच्या आयुष्यात ग्रीक अक्षरं वाचणारा माणूस, त्या भागातल्या शहरांची स्वतःची तांब्याची नाणी ग्रीक अक्षरांतलीच असत. त्याच्यापुढे लॅटिन मजकुराचा नमुना टाकलाय, तोही अर्धा संक्षेपांचा, शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहिलेला: आय-एम-पी, सी-ए-ई, एल, एस-ई-पी, एस-ई-व्ही, पी-ई-आर-टी, ए-व्ही-जी. (यातलं पी-ई-आर-टी म्हणजे पर्टिनॅक्स, खून झालेल्या सम्राटाचं नाव सेव्हेरसने स्वतःला जोडून घेतलं होतं.) बाहेर सैन्य पगाराची वाट बघतंय. लॅटिन न येणाऱ्याला सी आणि जी यांत फरक एका शेपटीचा, तो कुठे द्यायचा नि कुठे नाही हे त्याला आकारावरूनच ठरवावं लागणार. सी च्या जागी जी आणि जी च्या जागी सी हा गोंधळ या गटात नेहमीचा.

"आय-आय सी-ओ" बद्दल मात्र मी चूक हा शब्द जरा जपून वापरेन. कारण ते एका नाण्यावर नाही, बऱ्याच वेगवेगळ्या ठशांवर आहे, कुठे "आय-आय सी-ओ" आणि कुठे नुसतं "आय-आय सी". मी स्वतः असं बघतो की एखादी विचित्र गोष्ट एकाच ठशावर असेल तर तो त्या माणसाचा हात घसरला असं समजायचं, पण तीच गोष्ट अनेक ठशांवर परत परत येत असेल तर तिथे त्या टाकसाळीची रीत होती किंवा त्यांना दिलेला नमुनाच तसा होता. तुमच्या एकाच नाण्यावर दोन्ही प्रकार आहेत, एन हा हाताचा आणि आय-आय सी-ओ हा टाकसाळीचा. म्हणून मला तुमचं नाणं इतकं आवडलंय.

रीत आणि चूक यांत लोक फार गल्लत करतात. मार्क अँटनीने इ.स.पू. ३२-३१ मध्ये आपल्या एकेका सैन्यतुकडीच्या नावाने दिनारिअस पाडले, त्यांवर चौथी तुकडी कधी चार रेघांनी लिहिलीय तर कधी आय-व्ही अशी, आणि अठरावी चक्क एक्स-आय-आय-एक्स, म्हणजे विसातून दोन वजा. शाळेत शिकवलेले रोमन आकडे डोक्यात ठेवून बघितलं तर हे चुकीचं वाटणार, पण त्यांच्याकडे ते सर्रास चालायचं. यू च्या जागी व्ही हा तर सगळ्यांनाच माहीत असलेला नियम, तरी दर काही दिवसांनी कोणीतरी "ऑगस्टसचं स्पेलिंग चुकलंय" म्हणून धागा काढतंच.

आणि काही वेळा ज्याला आपण निरर्थक अक्षरं समजतो त्याचा अर्थ फक्त आपल्याला लागलेला नसतो. कॅरॉसिअस नावाचा सेनापती २८६ ते २९३ ब्रिटनमध्ये स्वतंत्र सम्राट म्हणून बसला होता, त्याच्या चांदीच्या नाण्यांवर खाली आर-एस-आर अशी तीन अक्षरं असतात. खूप वर्षं लोक ती कुठल्यातरी अधिकाऱ्याच्या पदाची आद्याक्षरं मानायचे. त्याच्याच एका पदकावर आय-एन-पी-सी-डी-ए अशी सहा अक्षरं आहेत, त्यांचाही पत्ता लागत नव्हता. १९९८ मध्ये गाय द ला बेडोयेर यांनी दाखवून दिलं की ही दोन्ही रोमन कवी व्हर्जिलच्या चौथ्या एक्लॉग या कवितेतल्या एकापाठोपाठच्या दोन ओळींमधून घेतलेली आद्याक्षरं आहेत, सुवर्णयुग परत येतंय आणि स्वर्गातून नवी पिढी उतरतेय अशा अर्थाच्या. म्हणजे इकडे बंडखोर म्हणून हिणवलेला माणूस नाण्यावर कविता छापत होता आणि वाचणाऱ्याला ती अक्षरांवरून ओळखता येईल असं धरून चालला होता!

याच्या उलट सम्राट गॅलिएनसची सोन्याची नाणी घ्या. चित्र सम्राटाचं, डोक्यावर धान्याच्या कणसांची माळ, आणि नाव मात्र "गॅलिएनाए ऑगस्टाए" असं बाईच्या रूपातलं. कोणी म्हणतं ती त्याची टिंगल, कोणी म्हणतं सम्राटाला धान्यदेवीच्या रूपात दाखवलंय, आणि एक मत असं की ते फक्त हाक मारायचं रूप आहे, "गॅलिएने ऑगस्टे", आणि शेवटच्या ई ऐवजी ए-ई लिहिलं गेलं. मला हे शेवटचं मत पटतं, कारण त्या काळापर्यंत बोलण्यात हे दोन उच्चार एकत्र झाले होते आणि लिहिताना लोक सारखे अडखळायचे, पण वाद अजून मिटलेला नाही.

पालशेतकर (गुहागर)

दोघांचेही मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

शेजारच्या घड्याळदुरुस्तीवाल्याकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं आणि खिडकीशी बसून बघितलं. सी ची शेपटी बाकीच्या अक्षराइतकीच उठावदार आहे, टोकाला थोडी जाड होत गेलेली, ओरखडा नक्की नाही. एन च्या तिरक्या रेघेच्या दोन्ही टोकांना बारीक ठिपक्यासारखे उंचवटे आहेत. आणि दादा, तुम्ही म्हणालात तसं बघितलं तर सी-ओ मधल्या ओ च्या आत डावीकडे एक छोटी उभी रेघ दिसते, अगदी पुसट, ओ च्या कडेला चिकटलेली. ती काय असेल? आधी तिथे तिसरी रेघ काढायला घेतली होती का?

ठसेकाम (सावंतवाडी)

हेच ते! तुमच्या वर्णनावरून तरी तिथे आधी दुसरं काहीतरी खोदायला घेतलेलं दिसतंय, मग त्यावरच ओ घातला. उभी रेघ म्हणजे आकड्याची तिसरी रेघ असेल किंवा एखाद्या ई-बी सारख्या अक्षराचा दांडा असेल, ते फोटोशिवाय नाही सांगता येणार. पण पुसट आहे आणि ओ च्या आत आहे, म्हणजे ती ओ पेक्षा उथळ खोदलेली, बरोबर? पहिली रेघ नेहमी हलक्या हाताने आखलेली असते, मग ती खोल करत न्यायची. त्याला आखतानाच चूक कळली आणि तो तिथेच थांबला. टोकांचे ठिपके पण मला ओळखीचे वाटतात, रेघ कुठून कुठपर्यंत न्यायची ते आधी टोच्याने टिपून ठेवलं की हात पुढे सरकत नाही.

मीरा_रेवदंडा

इतका सुंदर धागा चाललाय आणि अजून कोणी नहपानाकडे आलं नाही, म्हणून मी आणते. मी शाळेत इतिहास शिकवते, चौल पाच मिनिटांवर, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा.

वसईकर म्हणाले ना की ग्रीक वाचणाऱ्या कारागिराच्या हातात लॅटिन मजकूर पडला, आपल्याकडे याच्या अगदी उलट्या बाजूची गोष्ट घडलीय. क्षहरात घराण्यातला राजा नहपान, ज्याच्या ताब्यात आपली उत्तर कोकणची बंदरं होती, त्याच्या चांदीच्या नाण्यावर पुढे राजाचं डोकं आणि भोवती ग्रीक अक्षरं, मागे बाण आणि वज्र, आणि त्यांच्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. तीन लिप्या, आणि मजकूर तिन्हींत एकच: क्षहरात राजा नहपानाचं. म्हणजे ग्रीक अक्षरांतली भाषा ग्रीक नाहीये, आपली प्राकृत आहे! त्यात ह च्या उच्चारासाठी जे अक्षर वापरलंय ते ग्रीक लोक तेव्हा स्वर म्हणून वाचायचे, ह म्हणून ते रोमन लोक वाचायचे. समुद्रापलीकडची चांदी बंदरात उतरवून घेणाऱ्या राज्यात ठसा खोदणाऱ्याने दोन्हीकडच्या अक्षरांची अशी सांगड घातली, हे मला फार विलक्षण वाटतं.

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,००० च्या वर नाणी, आणि त्यांतल्या ९,००० च्या वर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलेला. रेव्हरंड स्कॉट यांनी तो साठा अभ्यासून १९०८ मध्ये त्यावर लिहिलं. एवढी नाणी एकत्र सापडल्यामुळे एक गोष्ट स्पष्ट दिसते की ब्राह्मी मजकूर बऱ्यापैकी नीट आहे पण ग्रीक मजकूर ठशागणिक बदलतो, कुठे अक्षर गळलं, कुठे उलटं झालं, कुठे नुसत्या रेघा. खोदणाऱ्याला ब्राह्मी वाचता येत होती, ग्रीक तो बघून काढत होता, एवढं त्यावरून सरळ कळतं. पुढच्या पश्चिमी क्षत्रपांच्या (नहपानानंतरच्या राजांच्या) नाण्यांवर तर ग्रीक अक्षरं हळूहळू अक्षरं राहिलीच नाहीत, डोक्याभोवतीची नक्षी झाली, आणि तरीही ती नक्षी त्यांनी कित्येक पिढ्या सोडली नाही. लोकांना नाणं ओळखीचं वाटायला हवं, डोक्याभोवती "ते काहीतरी" हवंच, हे कारण मला पटतं. मागची ब्राह्मी मात्र वाचता येते, आणि राजाच्या डोक्यामागे शक वर्षाचे आकडे घालायला लागले तेही वाचता येतात, त्यावरूनच तर त्यांची वंशावळ लागली.

नहपानाचा जावई उषवदात, त्याच्या नाशिकच्या लेण्यातल्या लेखात त्याने नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचं लिहिलंय, त्यांत दमणा आणि डहाणुका ही नावं आहेत, आपलं डहाणू. सोपाऱ्याचाही उल्लेख आहे. ज्या होड्यांतून माणसं इकडून तिकडे जात होती त्याच माणसांच्या कनवटीला ही तीन लिप्यांची नाणी असणार. वर्गात मुलांना नहपानाच्या नाण्याचा मोठा केलेला फोटो दाखवते आणि विचारते की यातली कुठली लिपी खोदणाऱ्याला येत होती ते शोधा, मुलं बरोबर शोधतात, आणि कुठलंही पुस्तक न वाचता!

वेंगुर्ल्याचो

बरा केलंस गे बाय, नहपान आणलंस तो.

माझा एक उपप्रश्न. मामाच्या बागेत माडांना आळी करताना एक छोटं तांब्याचं नाणं मिळालंय, त्यावर डोक्याला काट्यांचा मुकुट घातल्यासारखा माणूस आणि भोवती नुसते आय-आय-व्ही-आय-ओ-आय असले काहीतरी, एकही शब्द होत नाही. रोमन असू शकेल का? आणि अजून एक, मित्राकडे एका नाण्याच्या दोन्ही बाजूंना एकच डोकं आहे, एका बाजूला नीट उठावदार आणि दुसऱ्या बाजूला तेच आत गेलेलं आणि उलटं, अक्षरंसुद्धा आरशातली. तोपण उलट्या एन सारखाच खोदणाऱ्याचा घोळ का?

उत्तरकोकण_नाणी (वसई)

मित्राचं आधी सांगतो, त्यात खोदणाऱ्याचा काही दोष नाही. नाणं पाडताना खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असायचा, वर गरम चकती, त्यावर हातातला दुसरा ठसा आणि मग हातोडा. कधीतरी पाडलेलं नाणं वरच्या ठशाला चिकटून वरच राहायचं, कोणाच्या लक्षात यायचं नाही, आणि पुढच्या चकतीवर खालच्या ठशाचं डोकं नीट आणि वरून त्या चिकटलेल्या नाण्याचं डोकं आत दाबलेलं असं उमटायचं. घाईत मारणाऱ्याची ती चूक. ओळखायची खूण तुम्ही स्वतःच लिहिलीय, सगळं चित्रच उलटं आणि खोल आहे. खोदणाऱ्याची चूक एखाद्या अक्षराची असते आणि ते अक्षर बाकीच्यांसारखंच उठावदार असतं. ठसा चकतीच्या बाहेर सरकून पडला म्हणून अर्धा मजकूर कापला जातो तेही असंच, आपल्या कोकणातल्या त्रैकूटक राजांच्या चांदीच्या नाण्यांवर हे फार दिसतं, दह्रसेनाचं बिरुद आणि बापाचं नाव धरून लांबलचक ओळ आणि चकती इवलीशी, निम्मी अक्षरं हवेतच गेली.

काट्यांचा मुकुट म्हणजे सूर्यकिरणांचा मुकुट, तिसऱ्या शतकातल्या सम्राटांचा. २७०-२८० च्या आसपास गॉल (आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये सुट्ट्या पैशांची टंचाई झाली तेव्हा टेट्रिकस वगैरे सम्राटांच्या नाण्यांच्या नकला गावोगावी निघाल्या, त्यांवर अक्षरांच्या जागी अशाच नुसत्या रेघा असतात. पण ते नाणं वेंगुर्ल्याच्या बागेत कसं आलं हे कोडं आहे, त्यामुळे फोटोशिवाय काही ठरवू नका. रोमन नाण्यांच्या नकला आपल्या देशातही झाल्या, रोमन सम्राट तिबेरिअसच्या नाण्यासारख्या मातीच्या चकत्या गळ्यात घालायला करत आणि दक्षिणेत सोन्याच्या नाण्यांच्या नकला मिळतात त्यांवरची अक्षरं अशीच अक्षरासारख्या दिसणाऱ्या रेघांची. खरी रोमन नाणीसुद्धा बहुतेक दक्षिणेतच सापडलीत, कोइम्बतूरच्या बाजूला. आपल्या किनाऱ्यावर त्यामानाने थोडी, इथे उतरलेली चांदी वितळवून क्षत्रपांची नाणी पाडली असावीत असं काही अभ्यासक मानतात. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो ना, हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, त्यातला काही भाग आपल्या खाड्यांतून नक्की आत गेला असणार.

आणि एक गंभीर गोष्ट. जमिनीतून निघालेलं असं काही दहा रुपयांच्या वरच्या किमतीचं असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, मामांना सांगा. शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर पाठवणं तर १९७२ च्या कायद्याने बंदच आहे, कोणी ऑनलाइन मोठी रक्कम कबूल केली तरी भुलू नका. कुठल्या झाडाखाली, किती खोल, सोबत खापरं होती का, एवढं आजच कागदावर लिहून ठेवा. नाण्यापेक्षा मला त्या नोंदीची जास्त काळजी वाटते, कारण ती एकदा हुकली की परत मिळत नाही.

वेंगुर्ल्याचो

खापरां होती, मामान बांधार टाकल्यान. आजच गोळा करतंय आणि कळवतंय.

पालशेतकर (गुहागर)

मीराताई, नहपानाबद्दल वाचून अंगावर काटा आला. आता शेवटचं विचारतो, मग माझं नाणं खरं असं मी धरून चालू का? चुका असल्या म्हणजे खरंच, असंही म्हणता येतं का?

उत्तरकोकण_नाणी (वसई)

नाही, तसंही नाही म्हणता येणार. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत मूळची चूक जशीच्या तशी येते. त्या काळातलेच खोटे दिनारिअससुद्धा होते, आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा, आणि त्यांच्यावर अक्षरं खूपदा चुकलेली असतात. तेव्हा अक्षरं बाजूला ठेवून नाण्याकडे बघा. कडेवर सगळीकडून फिरणारी बारीक शिवण आहे का, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे आहेत का, हे ओतल्याचं लक्षण. कुठे चांदी उडून लालसर किंवा हिरवट ठिपका दिसतो का, ते आतल्या तांब्याचं. तुमचं वजन २.९ ग्रॅम हे या गटात बसतं. भिंगातून दिसलेली ती उथळ रेघ मला आश्वासक वाटते, कारण साध्या ओतीव नकलेत इतका पुसट तपशील सहसा बुजतो, पण शब्द देत नाही.

मग ऑनलाइन कॅटलॉगात, ओक्रेवर, सेव्हेरसची फॉर्च्युना काढा आणि तुमच्याच ठशातून निघालेलं दुसरं नाणं सापडतं का बघा. उलटा एन तुम्हाला तिथे कामाला येईल, ठसा पटकन ओळखता येतो. ठसा तोच पण चकतीचा आकार आणि ओरखडे वेगळे, तर फार उत्तम. ओरखड्यांसकट सगळं हुबेहूब तेच, तर मात्र दोघांपैकी निदान एक ओतीव. प्रत्यक्ष दाखवायचं तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे विचारून जा.

ठसेकाम (सावंतवाडी)

आणि तोवर चिंच, आमसुलाचं पाणी, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नका. चकचकीत दिसेल पण अक्षरांच्या कडा जातील, आणि इथे आपण जे काही बोललो ते सगळं त्या कडांवरच आहे. कडेला धरा, कापसावर ठेवा.

फोटो काढताना फ्लॅश बंद करा. सकाळच्या उन्हात खिडकीशी नाणं आडवं ठेवून ऊन एका बाजूने येऊ द्या, म्हणजे खोली-उंची कळते. सी-ओ चा एक जवळून फोटो आणि नाणं थोडं फिरवून त्याच जागेचा दुसरा, दोन्ही टाका. ओ च्या आतली रेघ वरपासून खालपर्यंत सलग आहे की मधेच थांबते तेवढं मला बघायचंय.

पालशेतकर (गुहागर)

इकडे सकाळपासून मळभ आहे. ऊन पडलं की टाकतो, कडेचेही चार बाजूंनी काढतो.